लीड पोनी ठेवायची असेल तर आधी हा हिशेब मांडावा

घोडबंदर रस्त्याने रोज जा-ये करणाऱ्या ठाणेकराला त्या नावातला घोडा क्वचितच आठवतो. अरबी घोड्यांच्या व्यापारावरून त्या बंदराला हे नाव पडले असे सांगतात. आज ठाणे आणि नवी मुंबईत घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, किंवा शहराच्या कडेला असलेल्या लहान रायडिंगच्या तबेल्यांत. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचे, घोडे अशा तबेल्यांत बऱ्याचदा येतात, आणि ते आले की मालकापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो: या बिथरणाऱ्या घोड्याला सांभाळायला एखादा शांत घोडा ठेवावा का, आणि तो परवडेल का? चार मित्रांनी मिळून शर्यतीच्या घोड्यात भागी घेतली असेल तर त्यांनाही हा प्रश्न वेगळ्या रूपात पडतो. शिळफाट्याच्या बाजूला भाड्याच्या जागेत तीन घोडे सांभाळताना मला याचे उत्तर शोधावे लागले, आणि त्यातले बरेचसे आधी चूक करून मग कळले. नवख्या माणसाचा तेवढा खर्च वाचावा, या हेतूने पुढील टिपण लिहिले आहे.

हे काम नेमके कोणते

लीड पोनी हा शब्द अमेरिकी शर्यतींतून आला आहे. तेथे शर्यतीचा घोडा पॅडॉकमधून, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवण्याच्या आवारातून, बाहेर पडला की बहुधा एक दुसरा घोडा, त्यावर स्वार बसलेला, त्याच्या डाव्या बाजूने चालू लागतो. या स्वाराच्या डाव्या हातात स्वतःच्या घोड्याचा लगाम असतो आणि उजव्या हातात शर्यतीच्या घोड्याला जोडलेली दोरी किंवा चामडी पट्टी असते. प्रेक्षकांसमोरून संचलन करीत, मग थोडी दुडकी चाल देत, हा जोडीदार शर्यतीच्या घोड्याला स्टार्टिंग गेटपर्यंत पोहोचवतो आणि तेथे सोडून परत फिरतो. सकाळच्या सरावातही हाच घोडा उपयोगी पडतो, कारण दुखापतीतून उठलेल्या घोड्याला पाठीवर स्वाराचे ओझे न देता त्याच्या बाजूने चालवता येते. मोकाट सुटलेला घोडा पकडणारे आउटरायडर मात्र वेगळे असतात. ते मैदानाच्या नोकरीत असतात, तर लीड पोनीचे पैसे ट्रेनरमार्फत घोड्याच्या मालकाकडून वसूल होतात.

नावात पोनी असले तरी हे आपल्याकडचे तट्टू नव्हे. चौदा हात दोन इंचांपेक्षा (घोड्याच्या मापातला एक हात चार इंचांचा), म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटरपेक्षा, कमी उंचीच्या घोड्याला पोनी म्हणतात. लीड पोनी मात्र बहुधा पूर्ण उंचीचा क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीचा घोडा किंवा शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेडच असतो. म्हणून या लेखात मी त्याला सोबतीचा घोडा म्हणेन.

महालक्ष्मीच्या मैदानावर किंवा पुण्यात हे दृश्य शोधायला जाऊ नये. भारतात शर्यतीची पद्धत ब्रिटिश वळणाची आहे. पॅडॉकमध्ये मोतद्दार घोड्याला हाताने फिरवतो, जॉकी स्वार होतो आणि मग घोडा जॉकीच्याच भरवशावर गेटकडे जातो. प्रत्येक घोड्यामागे एक सोबती अशी अमेरिकेतली रीत येथे नाही. तबेल्यातल्या रोजच्या कामात मात्र सोबतीच्या घोड्याचा उपयोग येथेही तितकाच आहे, आणि आपल्याला विचार करायचा आहे तो मुख्यतः त्याचाच.

पुणे जिल्ह्यातल्या घाटांवरच्या बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना एक तुलना लगेच सुचेल, कारण तेथेही बैलांच्या पुढे घोडी धावते. पण त्या घोडीचे काम बैलांना ओढीला लावण्याचे असते, आणि सोबतीच्या घोड्याचे काम नेमके उलट, म्हणजे ओढ आवरण्याचे असते. हा फरक मनात पक्का ठेवला तर घोडा निवडताना निम्म्या चुका टळतात.

पैसे कशाचे मोजायचे

घोडा हा कळपात राहणारा आणि संकट दिसताच पळून जाणारा प्राणी आहे. आजूबाजूचा घोडा कान टवकारतो की मान खाली घालून उभा राहतो, यावरून तो स्वतः घाबरायचे की नाही हे ठरवतो. शर्यतीआधी बिथरलेला तरुण घोडा घामाने निथळतो, मान झटकतो, आडवा चालतो, आणि धावण्यासाठी राखून ठेवलेली शक्ती शर्यत सुरू होण्याआधीच उधळतो. त्याच्या खांद्याला खांदा लावून एक पोक्त घोडा संथपणे चालत असेल तर ही उधळण कमी होते. सोबतीच्या घोड्याचे खरे मोल या पाच-दहा मिनिटांतच असते.

याचे जुने उदाहरण सीबिस्किट या अमेरिकी घोड्याचे आहे. चिडका आणि अस्वस्थ असलेल्या या घोड्याला त्याचे ट्रेनर टॉम स्मिथ यांनी पम्पकिन नावाच्या शांत घोड्याची सोबत दिली, आणि ती केवळ मैदानापुरती नव्हती, तर तबेल्यातही होती. १९३८ साली सीबिस्किटने पिमलिको येथील सामन्यात वॉर ॲडमिरलला हरवले. त्या विजयाचे श्रेय पम्पकिनला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या घोड्याला चैन पडत नाही तो नीट खात नाही, आणि जो नीट खात नाही तो धावणार कसा, एवढे कोणत्याही मोतद्दाराला ठाऊक असते.

हे मोल पैशांत मांडणे अवघड जाते, कारण फायदा न घडलेल्या गोष्टींत असतो. जॉकी पडला नाही, घोडा मोकाट सुटला नाही, गेटपाशी अडून बसला नाही, यांची पावती कोणी देत नाही. शर्यतीपूर्वी मोकाट सुटून दमलेला घोडा पशुवैद्य मागे घ्यायला लावू शकतात, आणि तसे झाले तर वाहतूक, मोतद्दाराचा दिवस, प्रवेशाचे पैसे आणि कित्येक आठवड्यांचा सराव असे सगळेच पाण्यात जाते. म्हणून भागी घेतलेल्या नवख्यांनी वहीच्या एका पानावर एका वाया गेलेल्या शर्यतीचा पूर्ण खर्च मांडावा आणि त्याच्यासमोर सोबतीचा खर्च लिहावा. अमेरिकेत एका फेरीचे, म्हणजे एका घोड्याला एकदा सोबत देण्याचे, शुल्क साधारणतः दोन आकडी डॉलरांत असते. ट्रेनर, जॉकी, पशुवैद्य आणि नालबंद यांच्या बिलांपुढे ही रक्कम किरकोळ ठरते.

तरीही प्रत्येक घोड्याला सोबत हवीच असे नाही. पहिल्या काही शर्यती धावणारा, गेटला बिचकणारा, घामाने लवकर भिजणारा किंवा दुखापतीनंतर परतणारा घोडा असेल तर सोबत घ्यावी. सरावलेल्या, आपल्या आपण चालणाऱ्या घोड्यासाठी ती केवळ रीत म्हणून घेण्यात अर्थ नाही. उलट सोबतीची सवय अंगवळणी पडलेला घोडा, जोडीदार वळून गेला की नेमक्या गेटपाशी कावराबावरा होतो. हा तोटा या व्यवसायातले लोक सहसा स्वतःहून सांगत नाहीत.

घोडा निवडताना

माझी पहिली चूक येथेच झाली. मी पाच वर्षांचा, काळाभोर, पाहताक्षणी मन जाईल असा घोडा घेतला. विकणाऱ्याने तो लहान मुलालाही चालेल असे सांगितले होते, आणि एकटा असताना तो खरोखर चालतही असे. पण शेजारून दुसरा घोडा चौखूर गेला की त्याला आपली शर्यत आठवत असे, आणि मग दोन घोडे आणि एक मी, असे तिघेही शेताच्या बांधापर्यंत जाऊन थांबत असू. सहा महिन्यांनी तो तोट्यात विकला.

त्यानंतर मी जे निकष धरले ते असे. वय आठ ते पंधरा वर्षांच्या दरम्यान असावे. घोडा खच्ची केलेला असावा. घोडी चालू शकते, पण ती माजावर आली की शेजारच्या अंडील, म्हणजे खच्ची न केलेल्या, घोड्याचे लक्ष उडते, आणि अंडील घोडा तर या कामाला मुळीच घेऊ नये. उंची पंधरा हातांच्या आसपास असावी, कारण फार बुटका घोडा सोळा हातांच्या थरोब्रेडला खांद्याने आवरू शकत नाही. खूर आणि पाय निर्दोष असावेत. जात मारवाडी, काठियावाडी, भीमथडी किंवा थरोब्रेड यांपैकी कोणती आहे याला मी दुय्यम समजतो. रंगाला तर काहीच किंमत नाही, जरी बाजारात पैसे रंगाचेच जास्त मागितले जातात.

स्वभाव पारखायला एक भेट पुरत नाही. एकदा सांगून आणि एकदा न सांगता जावे. न सांगता गेल्यावर घोडा आधीच दमवून ठेवलेला असण्याची शक्यता कमी असते. त्याच्याजवळून दुसरा घोडा पळवायला सांगावा, प्लॅस्टिकची पिशवी फडफडवून पाहावी, दुसऱ्या घोड्याचा धक्का त्याच्या कुशीला लागू द्यावा. शेजारच्याने चावा घ्यायचा प्रयत्न केला तरी जो कान पाडत नाही, लाथ उगारत नाही आणि फार तर एक पाऊल सरकतो, तो आपला घोडा समजावा. असा घोडा दिसायला बहुधा कंटाळवाणा असतो. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारात त्याच्याभोवती गर्दी नसते, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते.

पैसे देण्यापूर्वी स्वतःच्या ओळखीच्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी आणि ग्लँडर्ससाठी रक्ताची चाचणी अवश्य मागावी. हा रोग माणसालाही होतो, भारतात तो अधिसूचित आहे आणि बाधित घोड्याला उपचार करून ठेवता येत नाही, त्यामुळे येथे हयगय केली तर खरेदीची रक्कम ही नुकसानीतली सर्वांत लहान रक्कम ठरेल.

महिन्याचा खर्च

खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते, म्हणून ती मोठी वाटते. घोडा परवडणार की नाही हे मात्र महिन्याचा खर्च ठरवतो. पुढील हिशेबातले वजन आणि प्रमाण भरवशाचे आहे, दर मात्र केवळ रीत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपल्या भागातले दर त्या जागी घालावेत.

साडेचारशे किलो वजनाच्या घोड्याला रोज वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे सुमारे ७ किलो सुकी वैरण लागते. महिन्याला २१० किलो होते, आणि किलोला १५ रुपये धरले तर ३,१५० रुपये. जव, ओट, भिजवलेला हरभरा आणि कोंडा मिळून रोज २ किलो खुराक धरला, तर महिन्याच्या ६० किलोंचे ३५ रुपये दराने २,१०० रुपये होतात. तीन घोड्यांमागे एक मोतद्दार असेल आणि त्याचा पगार १८,००० असेल तर एका घोड्याच्या वाट्याला ६,००० येतात. नाल साधारण सहा आठवड्यांनी बदलावे लागतात. एका वेळचे १,५०० धरले तर महिन्याला सुमारे १,००० पडतात. जंतनाशक, धनुर्वाताची लस, दातांची वार्षिक तपासणी आणि अचानक उद्भवणारे पोटदुखीचे संकट यांसाठी १,५०० बाजूला ठेवावेत. अंथरणाला १,२५० आणि जागा, पाणी, वीज यांच्या वाट्याला ४,००० धरले की एकूण १९,००० रुपये होतात. पाणी फुकट मिळते असे समजू नये, कारण एक घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पितो आणि कामाच्या उन्हाळी दिवशी त्याहून अधिक पितो. टँकरवर चालणाऱ्या जागेत हा आकडा लवकर जाणवतो.

आता या १९,००० रुपयांना महिन्यातल्या फेऱ्यांनी भागावे. वीस फेऱ्या झाल्या तर एक फेरी ९५० रुपयांना पडते. बारा झाल्या तर जवळजवळ १,६००. पावसाळ्यात सहाच झाल्या तर ३,१०० हून अधिक. घोडा बाहेर पडला काय किंवा उभा राहिला काय, तो खातो तेवढेच खातो. म्हणून दुसऱ्याच्या घोड्यांसाठी ही सेवा देणार असाल तर दर वर्षभराच्या सरासरी फेऱ्यांवर ठरवावा. हिवाळ्यातल्या भरगच्च महिन्यावर ठरवलेला दर जुलैत बुडवतो. स्वाराची मजुरी आणि टेम्पोचे भाडे यांत धरलेले नाही, ते वेगळे मागावे आणि आधीच लेखी ठरवावे. घोडा शर्यतीत हरला तरी सोबतीचे पैसे द्यायचे असतात, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. माझ्या अनुभवात वाद याच एका गोष्टीवरून होतात.

वैरणीबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण येथे बचत करण्याचा मोह फार होतो. आपल्या भागात भाताचा पेंढा स्वस्त मिळतो, पण त्यात पोषण इतके कमी असते की केवळ त्यावर काम करणारा घोडा ठेवता येत नाही. मुरबाड-शहापूरकडचे सुके गवत पावसाआधी भरून ठेवावे, ते जमिनीला न टेकता लाकडी फळ्यांवर रचावे आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवावे. बुरशीचा वास येणारी गंजी कितीही महाग पडलेली असली तरी टाकून द्यावी. बुरशीच्या वैरणीने खोकला आणि पोटदुखी होते, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्यामुळे त्याची पोटदुखी जिवावर बेतू शकते. घाम फार जाणाऱ्या आपल्या दमट हवेत चाटायला मीठही कायम समोर असावे.

शिकवणे

चांगल्या स्वभावाच्या घोड्यालाही हे काम शिकवावे लागते, आणि घाई केली नाही तर त्यासाठी दोन-तीन महिने पुरतात. सुरुवात एका हाताने लगाम धरून करावी, म्हणजे मानेला लगाम टेकताच घोडा वळला पाहिजे. स्वाराचा दुसरा हात पुढे दोरीत गुंतणार असल्याने हे जमल्याशिवाय पुढे जाऊच नये. मग रिकाम्या मैदानात दुसरा एखादा शांत घोडा उजव्या बाजूला घेऊन चालावे. दुसऱ्या घोड्याचे डोके आपल्या गुडघ्याच्या रेषेत राहिले पाहिजे. ते पुढे गेले तर तो आपल्याला ओढतो, आणि मागे राहिले तर आपल्या घोड्याच्या लाथेच्या टप्प्यात येतो. चाल पक्की झाल्यावर दुडकी, मग दोन्ही बाजूंना वर्तुळे, मग थांबणे आणि मागे सरणे, असा क्रम ठेवावा. भरधाव सगळ्यात शेवटी, आणि तीही सरळ रेषेत. एखाद्या दिवशी घोडा गोंधळला तर आदल्या दिवशी जमलेली गोष्ट करून घेऊन काम थांबवावे.

दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. हे वाक्य मी तबेल्याच्या दारावर लिहून ठेवले आहे. बिथरलेला घोडा पाचशे किलोंच्या जोराने मागे हटतो, आणि गुंडाळलेल्या दोरीत बोटे राहतात. दोरी तळहातात घडी घालून धरावी, हातमोजे घालावेत, शिरस्त्राण आणि सुरक्षा जाकीट यांशिवाय स्वार होऊ नये. अमेरिकेत या कामाला पुढे खुंटी असलेले वेस्टर्न खोगीर वापरतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, आणि साध्या खोगिरावर चालते. मात्र खोगीर आवळणारा पट्टा, म्हणजे तंग, बाहेर पडण्याआधी आणि दहा मिनिटांनी पुन्हा तपासावा, कारण बाजूने ओढ बसली की खोगीर सरकते.

शर्यतीचा घोडा बाजूला पहिल्यांदा घ्याल तेव्हा दोघांना आधी कुंपणाच्या आड एकमेकांना हुंगू द्यावे. आमच्याकडे दहा वर्षे हे काम केलेल्या घोड्याला सगळे काका म्हणतात, आणि त्याची रीत मी पाहत आलो आहे. नवा घोडा कितीही फुरफुरला तरी काका त्याच्याकडे पाहत नाही, एक पाय सैल सोडून उभा राहतो. पाच मिनिटांत नव्याची मान खाली येते. स्वाराने या वेळी काही करायचे नसते, आणि नवख्या स्वाराला तेच सर्वांत कठीण जाते.

पाऊस आणि कागद

जून ते सप्टेंबर हा काळ ठाणे-नवी मुंबईत घोडा ठेवणाऱ्याची खरी परीक्षा असतो. चिखलात उभे राहून खूर कुजतात, म्हणून रोज संध्याकाळी खूर खरडून, धुऊन, कोरडे करावेत आणि उभे राहण्याची जागा मुरूम टाकून उंच करावी. माश्यांपासून सर्रा हा रक्ताचा रोग पसरतो. ताप येऊन जाणे, पाय सुजणे, खाऊनही वाळत जाणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्याला बोलवावे. पुण्याच्या कोरड्या हवेतून आलेल्या घोड्याला पहिल्या पावसाळ्यात हलके कामच द्यावे.

जागा घेण्याआधी महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे घोडा ठेवण्याच्या परवानगीबद्दल लेखी विचारणा करावी. येऊरसारख्या जंगलाला लागून असलेल्या भागात वनखात्याकडेही चौकशी करावी. वाहतुकीच्या वेळी पशुवैद्याचा दाखला बरोबर ठेवावा. शेजाऱ्यांशी शेणाच्या विल्हेवाटीबद्दल आधीच बोलून घेतले तर पुढची अर्धी भांडणे होत नाहीत. आमचे शेण रोपवाटिकेवाला घेऊन जातो.

निवृत्तीची तरतूद

आणखी एक खर्च बहुतेक हिशेबांत नसतो. सोबतीचा घोडा साधारण विशीपर्यंत काम करतो आणि नीट सांभाळला तर पंचवीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे चार-सहा वर्षे त्याच्याकडून एक रुपयाही येणार नाही आणि वैरण मात्र सुरूच राहील. यासाठी प्रत्येक फेरीच्या दरातून काही रक्कम वेगळी काढावी; मी शंभर रुपये काढत असे आणि ते वेगळ्या बचत खात्यात टाकत असे. काका आता तेवीस वर्षांचा आहे. सकाळी तो शेडच्या दारात एक पाय सैल सोडून उभा असतो, नवे घोडे त्याच्यासमोरून जातात, आणि त्याच्या सात किलो गवताचे पैसे त्या खात्यातून जातात.